बूटच्या ओळीतले ऑप्शन आपल्या लायब्ररीत कसे वाचायचे: नवीन पोरांसाठी

समजा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीसाठी तुम्ही छोटा लिनक्स बोर्ड बनवलाय, मशीनवर किती पीस निघाले ते स्क्रीनवर दाखवणारा. इमेज (बोर्डावर टाकायची अख्खी सिस्टीम) सगळीकडं एकच, पण एका शेडमध्ये स्क्रीन कन्नडमध्ये पाहिजे, दुसऱ्यात मराठीत, ऑफिसात इंग्रजीत, आणि सर्व्हिसला गेलेल्या पोराला कधीमधी डीबग चालू करून बघायचं असतंय. प्रत्येकासाठी वेगळी इमेज बनवत बसायचं नसेल तर सोपी जागा एकच, बूटची ओळ, म्हणजे कर्नल कमांड लाइन, बूट होताना लिनक्सच्या गाभ्याला, कर्नलला, दिलेली ऑप्शनची ओळ. आणि आपला प्रोग्रॅम काय एकटा नसतोय, काउंटरवाला एक, स्क्रीनवाला एक, अपडेटवाला एक, प्रत्येकानं ती ओळ आपापल्या पद्धतीनं वाचली तर तिघांची तीन उत्तरं येणार, म्हणून वाचायचं काम एका लायब्ररीत टाकायचं आणि सगळ्यांनी तिलाच विचारायचं. ती लायब्ररी कशी लिहायची ते हितं सांगतोय. सी थोडंफार येत असलं की पुरे.

वाचायला बरं पडावं म्हणून नावं, कमांड सगळं देवनागरीत लिहिलंय, मशीनवर टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत करायचं.

आधी ओळ डोळ्यानं बघा

टर्मिनलवर कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन मारा. उबुंटू असेल तर साधारण असं काहीतरी दिसेल:

बूट_इमेज=/बूट/व्हीएमलिनझ रूट=यूयूआयडी=४क२फ-९१ आरओ क्वायट स्प्लॅश

(यूयूआयडी म्हणजे पार्टिशनचा ओळख नंबर, खरा बराच लांब असतोय, मी कापलाय.) पहिला तुकडा ग्रब, म्हणजे कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर, स्वतःच घालतो, रूट म्हणजे मेन पार्टिशन कुठलं ते, आरओ म्हणजे सुरुवातीला फक्त वाचायला माउंट कर, क्वायट म्हणजे मेसेज कमी, स्प्लॅश म्हणजे चित्र दाखव. आता गंमत बघा, या पाच तुकड्यांचे मालक वेगवेगळे आहेत. रूट आणि आरओ कर्नल वाचतो आणि इनिटरॅमएफएस (मेन पार्टिशन माउंट व्हायच्या आधी चालणारी छोटी तात्पुरती सिस्टीम) पण वाचतो, क्वायट कर्नल पण बघतो आणि सिस्टमडी (कर्नलनंतर बाकीच्या सर्व्हिसा सुरू करणारा) पण, स्प्लॅशशी कर्नलला काही देणंघेणं नाही, ते बूटचं चित्र दाखवणारा प्लायमाउथ बघतो. ओळ एक आणि वाचणारे पाचसहा, आपल्याकडच्या दुकानाच्या बोर्डासारखं, वर कन्नड, खाली मराठी, कोपऱ्यात इंग्रजी, ज्यानं त्यानं आपलं वाचायचं आणि बाकीच्यावरून भांडण काढायचं नाही. पुढचे बरेचसे नियम याच एका गोष्टीतून निघतात, म्हणून आधी सांगितलं.

ओळीत आपलं काही घालून बघायचं असेल तर लगेच फाइल बदलायला जाऊ नका. बूट होताना ग्रबचा मेनू आला की 'ई' दाबा, लिनक्स शब्दानं सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी आपला ऑप्शन लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. हे तेवढ्या एका बूटपुरतंच राहतं, चुकलं तरी परत रीबूट केलं की जुनं जसंच्या तसं. पक्कं करायचं असेल तेव्हा /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब मध्ये ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स मध्ये घालून अपडेट-ग्रब चालवायचं. रास्पबेरी पाय वापरत असाल तर तिथं ग्रब नसतोय, बूट पार्टिशनवर सीएमडीलाइन.टीएक्सटी असते, त्यात सगळं एकाच ओळीत पाहिजे, मध्ये एंटर मारला की गेलं. आणि हातात बोर्डच नसेल, हॉस्टेलवर लॅपटॉपच आहे फक्त, तर क्यूईएमयूला (लॅपटॉपवरच खोटं मशीन चालवणारा प्रोग्रॅम) -कर्नल आणि -अपेंड देऊन पाहिजे ती ओळ देता येते. टेस्टिंगला हेच बेस्ट, कारण कितीही वेळा बूट बिघडलं तरी विंडो बंद करायची, संपलं.

ओळ मेमरीत आणताना

फाइल उघडा, वाचा, बंद करा, एवढंच आहे असं वाटतं, पण दोन-तीन गोष्टी नवीन पोरांना नक्की नडतात.

/प्रॉक मधल्या फाइली खऱ्या फाइली नसतात, कर्नल विचारल्यावर तिथल्या तिथं मजकूर बनवून देतो. त्यामुळं स्टॅट करून साइज विचारली तर ० येते. साइज बघून तेवढी मेमरी घ्यायची सवय असेल तर ० बाइट घेऊन बसाल. वाचत राहायचं, रीडनं ० परत दिलं की थांबायचं, बफर लागेल तसा वाढवायचा.

बफर २५६ अक्षरांचा फिक्स ठेवू नका. एक्स८६ वर ओळीची मर्यादा २०४८ बाइट आहे, ३२ बिट एआरएमवर १०२४, ६४ बिट एआरएमवर परत २०४८, म्हणजे आर्किटेक्चरप्रमाणं बदलतंय. पायवर तर फर्मवेअर आपल्याकडनं बरंच काही पुढं जोडतो आणि तुमचा ऑप्शन शेवटी जाऊन बसतो, बफर छोटा असेल तर नेमका तुमचाच तुकडा कापला जाणार आणि तुम्ही दोन तास ग्रबला शिव्या देत बसणार जो त्या बोर्डावर नाहीच.

शेवटी एक न्यूलाइन असते, ती काढा. नाहीतर शेवटच्या ऑप्शनची व्हॅल्यू 'केएन' (कन्नडचा कोड) च्या जागी 'केएन आणि एंटर' अशी येते आणि तुलना फेल जाते.

आणि बूटच्या एकदम सुरुवातीला, म्हणजे तुमचा कोड इनिटरॅमएफएस मधून चालत असेल तर, /प्रॉक माउंट झालेलंच नसेल. अशा वेळी लायब्ररीनं क्रॅश व्हायचं नाही, 'ओळ मिळाली नाही' असा एरर द्यायचा आणि वरच्या प्रोग्रॅमनं डीफॉल्टवर चालायचं.

तुकडे करणे

नियम कर्नलचाच पाळा, आपला नवीन काढू नका. कर्नलचा नियम असा: मोकळ्या जागेवर तोडायचं, पण डबल कोटच्या आत असेल तर तोडायचं नाही. बस्स. सिंगल कोटला तिथं काही अर्थ नाही, बॅकस्लॅशला पण नाही, कोटच्या आत कोट लिहायची सोयच नाही. कोट व्हॅल्यूभोवती असू शकतो, यंत्र.नाव="शेड दोन", किंवा अख्ख्या तुकड्याभोवती, "यंत्र.नाव=शेड दोन", दोन्ही चालतं आणि दोन्हीचं उत्तर एकच आलं पाहिजे. ('यंत्र.' हे आपल्या ऑप्शनांचं आडनाव, का लावायचं ते पुढं येतंय.) सिस्टमडीची लायब्ररी थोडी जास्त सोय देते, सिंगल कोट पण घेते, पण आपण तेवढं कशाला.

कोट उघडला आणि बंदच केला नाही तर? एरर देऊ नका, ओळीच्या शेवटापर्यंत तो एकच तुकडा धरा. कर्नल पण तसंच करतो. रात्रीच्या शिफ्टला कुणीतरी ग्रबमध्ये घाईघाईत टाइप केलेलं असतंय, एक कोट विसरला म्हणून अख्खं मशीन उठायचं नाही असं होता कामा नये.

कोड लिहिताना स्ट्रटॉक वापरू नका. एक तर त्याला कोट कळत नाही, दुसरं म्हणजे तो मूळ ओळीतच शून्य घालून तिची वाट लावतो, आणि त्याची आठवण ग्लोबल असते त्यामुळं दोन थ्रेडनी एकदम हाक मारली की खिचडी. स्वतः एक एक अक्षर पुढं जाणारा लूप लिहा, 'आता कोटच्या आत आहे का' एवढा एकच झेंडा ठेवा, कोट दिसला की झेंडा उलटा करा, झेंडा खाली असताना स्पेस आली की तुकडा संपला. वीस-पंचवीस ओळींत होतंय.

आता जरा थांबा, कारण हितं आपल्या भागातल्या लोकांना खास नडणारी गोष्ट आहे. शेडचं नाव, गावाचं नाव मराठीत किंवा कन्नडमध्ये द्यावं असं कुणालाही वाटेल. यूटीएफ-८ मध्ये आपल्या प्रत्येक अक्षराचे तीन बाइट होतात आणि ते सगळे १२७ च्या वरचे. सी मध्ये कॅरॅक्टर टाइप एक्स८६ वर साइन्ड असतो, म्हणजे हे बाइट निगेटिव्ह होतात, आणि निगेटिव्ह आकडा आयस्पेस ला दिला की काय होईल याची कुणी गॅरंटी देत नाही. म्हणून आयस्पेस ला देताना आधी अनसाइन्ड कॅरॅक्टरमध्ये कास्ट करायचं, किंवा सरळ स्पेस, टॅब, न्यूलाइन हाताने तपासायचं. मी दुसरं करतो, वाद नको.

पण त्यानं तुमची लायब्ररी सुटली, कर्नल नाही. कर्नलचा स्वतःचा आयस्पेस आहे, आणि त्याच्या टेबलात १६० नंबरचा बाइट पण स्पेस म्हणून धरलाय, जुन्या लॅटिन-१ च्या हिशोबानं, तिथं तो न तुटणारी स्पेस असायचा. आता 'ठ' चे यूटीएफ-८ बाइट काढून बघा: २२४, १६४, १६०. शेवटचा बाइट नेमका तोच. म्हणजे कोट न लावता व्हॅल्यूत 'ठ' आला की कर्नल तिथंच तुकडा तोडणार आणि पुढचं उरलेलं वेगळा ऑप्शन समजणार! आणि कन्नडमध्ये लिहून सुटका होईल असं वाटत असेल तर तसंही नाही, युनिकोडमध्ये दोन्ही लिप्यांची अक्षरं एकाच क्रमानं लावलीत, कन्नडच्या 'ठ' चा शेवटचा बाइट पण १६०च. या बाबतीत सीमेच्या दोन्ही बाजूंना सेम न्याय. /प्रॉक मध्ये मूळ ओळ जशीच्या तशी दिसते म्हणून तुमची लायब्ररी बरोबर वाचेल, पण कर्नलच्या हिशोबात उरलेला अर्धा शब्द भटकत इनिटकडं (कर्नल सगळ्यात आधी सुरू करतो तो प्रोग्रॅम, पीआयडी १) जाणार. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, बूटच्या ओळीत फक्त साधी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि कोड द्यायचे, भाषेसाठी 'एमआर', 'केएन', 'ईएन', आणि खरं नाव इमेजमधल्या फाइलीत ठेवायचं, तिथं पाहिजे तेवढे ठ लिहा.

नाव आणि व्हॅल्यू वेगळी करणे

तुकड्यातल्या पहिल्या बरोबरच्या चिन्हावर तोडायचं. पहिल्याच. वरचा रूट=यूयूआयडी=४क२फ-९१ बघा, शेवटच्या चिन्हावर तोडलात तर नाव 'रूट=यूयूआयडी' येतं आणि ते कुणालाच सापडत नाही.

तीन वेगळ्या अवस्था आहेत आणि तिन्ही वेगळ्या ठेवायच्या. 'यंत्र.डीबग' म्हणजे नुसतं नाव, व्हॅल्यू नल. 'यंत्र.डीबग=' म्हणजे व्हॅल्यू आहे पण रिकामी. 'यंत्र.डीबग=१' म्हणजे व्हॅल्यू आहे. पहिल्या दोघांना एकच धरलंत तर पुढं 'चालू कर' आणि 'मुद्दाम रिकामं ठेवलंय' यातला फरक करता येणार नाही.

हो-नाही टाइपचा ऑप्शन असेल तर नुसतं नाव आलं की 'हो' धरायचं, लोकांना तीच सवय आहे. बाकी १, येस, ट्रू, ऑन म्हणजे हो आणि ०, नो, फॉल्स, ऑफ म्हणजे नाही, लहान-मोठं अक्षर बघायचं नाही. याच्या बाहेरचं काही आलं तर लॉगमध्ये एक ओळ लिहायची आणि डीफॉल्ट वापरायचं.

नावात आडवी रेघ आणि अंडरस्कोर सारखेच धरायचे. कर्नलमध्ये असा नियमच आहे, लॉग_बफ_लेन लिहिलं काय आणि लॉग-बफ-लेन लिहिलं काय, एकच. सिस्टमडी पण हेच पाळतो. फक्त नावात, व्हॅल्यूत नाही, हे ध्यानात ठेवा. व्हॅल्यूतली रेघ बदललीत तर यूयूआयडीची वाट लागेल. तुलना करणारं एक छोटं फंक्शन लिहा, दोन्ही बाजूंचं एक एक अक्षर घेऊन रेघ असेल तर अंडरस्कोर करून बघायचं, आणि सगळीकडं तेच वापरा.

आकडे वाचताना स्ट्रटूयूएल वापरणार असाल तर बघा की, ते '-१' ला पण हो म्हणतं आणि एक प्रचंड मोठा आकडा हातात देतं. आणि '१०अबक' दिलं तर १० देऊन गप्प बसतं. म्हणून रेघ आधी तपासायची, शेवटचा पॉइंटर खरंच शेवटी पोचला का बघायचं, आणि एरनो पण बघायचा. मेमरी साइज घेणार असाल तर के, एम, जी घ्या, कारण मेम=५१२एम लिहायची लोकांच्या हाताला सवय झाली आहे.

स्ट्रस्ट्र वापरणार असाल तर हे वाचा

गिटवर छोट्या प्रोजेक्टांमधला कोड उघडला की हटकून हे दिसतं: अख्खी ओळ एका स्ट्रिंगमध्ये आणायची आणि स्ट्रस्ट्र नं 'डीबग' शोधायचा, सापडला म्हणजे चालू. दोन ओळींत काम झालं म्हणून सगळे खूश. आता ओळीत सिस्टमडी.लॉग_लेव्हल=डीबग असेल तर? सापडला. सिस्टमडी.डीबग_शेल असेल तर? सापडला. कुणी बंद करायला मुद्दाम यंत्र.डीबग=० लिहिलं तर? तेही सापडलं, म्हणजे बंद करायला गेलं की चालू होतंय. 'आरओ' शोधायला गेलात तर 'रूट' च्या रोमन स्पेलिंगमध्ये ती दोन अक्षरं पहिलीच आहेत, म्हणजे कायमच सापडणार. अख्खा तुकडा, अख्खं नाव, बरोबरी. दुसरं काही नाही. शेल स्क्रिप्टमध्ये ग्रेप करणाऱ्यांनी पण हेच ऐकावं.

नावाच्या पुढं आपलं आडनाव लावा

आपण वर 'यंत्र.' लावत आलोय ते उगीच नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये याच गोष्टीवरून लिनक्सच्या दुनियेत मोठं भांडण झालं होतं. ओळीत नुसतं 'डीबग' लिहिलं की कर्नल आपले जादा मेसेज चालू करायचा, आणि तोच शब्द बघून सिस्टमडी पण आपले मेसेज चालू करायचा, आणि एका बगमुळं ते इतके यायला लागले की काही मशिनी बूटच होईनात. एका कर्नल डेव्हलपरनं तर 'डीबग' हा शब्द /प्रॉक/सीएमडीलाइन मधून लपवूनच टाकूया असा पॅच पाठवला, आणि लिनस टोरवाल्ड्सनं सिस्टमडीच्या एका डेव्हलपरचा कोड मी आता घेणार नाही असं जाहीर सांगून टाकलं. खरंखोटं कुणाचं ते जाऊ दे, पण साधे शब्द, डीबग, क्वायट, सिंगल, हे आधीच दुसऱ्यांचे आहेत, आपण नवीन आलेल्यांनी त्यात हात घालायचा नाही.

टिंबवालं नाव घेण्याचं अजून एक कारण आहे आणि ते बऱ्याच जणांना माहीत नसतंय. कर्नलला जो ऑप्शन ओळखता येत नाही आणि ज्यात टिंब नाही, तो कर्नल इनिटला देऊन टाकतो. बरोबरचं चिन्ह असेल तर इनिटच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, नसेल तर इनिटच्या आर्ग्युमेंटमध्ये. म्हणजे तुम्ही 'भाषा=केएन' दिलंत तर ते पीआयडी १ च्या एन्व्हायर्नमेंटमध्ये जाऊन बसतं, आणि तिथून कुठं कुठं झिरपेल सांगता येत नाही. टिंब असेल तर कर्नल समजतो की हा कुठल्यातरी मॉड्यूलचा पॅरामीटर आहे, यूएसबीकोअर.ऑटोसस्पेंड असतो तसा, आणि गप्प बसतो. म्हणून टिंब पाहिजे, आणि टिंबाच्या आधीचं नाव कुठल्या खऱ्या मॉड्यूलचं नाही ना, तेवढं बघून घ्या.

आणि ओळीत नुसतंच '--' आलं तर कर्नल तिथं थांबतो, त्याच्या पुढचं सगळं इनिटचं. आपली लायब्ररी पण तिथंच थांबवायची.

दोनदा आला तर

शेवटचा जिंकतो, हाच नियम ठेवा. कारण साधं आहे, वर सांगितल्याप्रमाणं ग्रबमध्ये 'ई' दाबून माणूस ओळीच्या शेवटी लिहितो, पक्क्या सेटिंगमध्ये यंत्र.लँग=केएन आहे आणि त्यानं शेवटी यंत्र.लँग=एमआर लिहिलं तर त्याला मराठीच पाहिजे आहे ना. तुमचा लूप पहिला सापडल्यावर ब्रेक मारत असेल तर तो बिचारा चारवेळा रीबूट करून बघणार आणि बोर्ड खराब म्हणून परत पाठवणार. ब्रेक काढा, शेवटपर्यंत जा.

काही ऑप्शन मात्र जमा व्हायचे असतात. कन्सोल= हा कर्नलचा ऑप्शन दोन-तीनदा देता येतो, मेसेज सगळीकडं जातात आणि शेवटचा दिलेला असतो तो /डेव्ह/कन्सोल होतो. तुमच्याकडं असं काही असेल, समजा सेन्सरची यादी, तर स्वल्पविराम देऊन एकाच ऑप्शनात घ्या, यंत्र.सेन्सर=१,३,४. स्पेस नाही म्हणजे कोटची भानगड नाही. आणि कोट टाळणं चांगलंच, कारण /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब ही शेलची फाइल आहे, तिथं कोटच्या आत कोट घालताना भले भले चुकतात.

लायब्ररीचं तोंड कसं असावं

दोन फंक्शन पुरेत. एक, सगळी ओळ चालून प्रत्येक तुकड्यासाठी तुमच्या कॉलबॅकला (तुम्ही दिलेल्या फंक्शनला) नाव आणि व्हॅल्यू देणारं. दुसरं, एकच नाव विचारलं की व्हॅल्यू देणारं, जे आतून पहिल्यालाच हाक मारतं. सिस्टमडीच्या कोडमध्ये प्रॉक-सीएमडीलाइन.सी नावाची फाइल आहे, तिचा ढाचा हाच आहे, फार मोठी नाही, एकदा निवांत वाचा, पार्सर लिहायला शिकायचं असेल तर जाड पुस्तकापेक्षा ही फाइल बरी.

कॉलबॅकमध्ये न ओळखीचं नाव आलं तर शून्य परत देऊन पुढं जायचं. एरर नाही, वॉर्निंग पण नाही, ते दुसऱ्या कुणाचंतरी आहे. वॉर्निंग फक्त 'यंत्र.' नं सुरू होऊन ओळखू न आलेल्याला द्यायची, कारण ती नक्की कुणाचीतरी टायपिंगची चूक.

अग्रक्रम असा ठेवा: आधी कोडमधलं डीफॉल्ट, त्यावर कॉन्फिग फाइल, आणि सगळ्यात वर बूटची ओळ. फाइलीत काही उलटंसुलटं लिहून मशीन अडकलं तर ओळीतूनच सोडवता आलं पाहिजे.

भाषेपुरतं म्हणाल तर स्वतःचा ऑप्शन काढायच्या आधी बघा, सिस्टमडी ओळीतला लोकेल.लँग= आधीच वाचतो आणि अख्ख्या सिस्टीमची भाषा लावतो. सगळी सिस्टीमच कन्नडमध्ये चालणार असेल तर तोच वापरा. आपल्याला लॉग इंग्रजीत आणि फक्त स्क्रीन कन्नड-मराठीत पाहिजे असते म्हणून वेगळा घेतला.

इनिटरॅमएफएस मध्ये पण तुमचा कोड चालणार असेल तर 'आरडी.' ची पद्धत पाळा. 'आरडी.यंत्र.डीबग' फक्त इनिटरॅमएफएस मध्ये लागू, मुख्य सिस्टीममध्ये नाही. आपण सध्या कुठं आहोत हे /ईटीसी/इनिटआरडी-रिलीज ही फाइल आहे का बघून कळतं. ज्यांना हे लागत नाही त्यांनी सोडून द्या.

कंटेनरमध्ये मात्र सांभाळा. आत बसून /प्रॉक/सीएमडीलाइन वाचलं तर होस्टची ओळ मिळते, तुमची नाही. सिस्टमडी अशा वेळी /प्रॉक/१/सीएमडीलाइन वाचतो, म्हणजे कंटेनरच्या पीआयडी १ चे आर्ग्युमेंट, तिथं तुकड्यांच्या मध्ये स्पेस नसून शून्य बाइट असतो.

हे ओळीत घालायचं नाही

पासवर्ड, टोकन, वायफायची की. /प्रॉक/सीएमडीलाइन मशीनवरचा कुठलाही यूजर वाचू शकतो. शिवाय लोक मदत मागताना ती ओळ जशीच्या तशी ग्रुपवर टाकतात.

उलट बाजूनं, ओळीतून आलेल्या व्हॅल्यूवर आंधळा विश्वास नको. ती सिस्टम फंक्शनला जोडून शेलमध्ये पाठवायची नाही, फाइलचं नाव म्हणून वापरायची असेल तर आधी त्यात तिरकी रेघ आणि दोन टिंबं आहेत का बघायची. ग्रबला पासवर्ड नसेल तर समोर कीबोर्ड घेऊन बसलेला माणूस इनिट=/बिन/एसएच लिहून सरळ रूट होतो, ते लायब्ररीच्या हातात नाही, पण त्याच्यात आपण भर घालायची गरज नाही.

टेस्ट

टेस्टसाठी दरवेळी रीबूट करायचं नाही. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवा, समजा यंत्र_सीएमडीलाइन, ते सेट असेल तर लायब्ररीनं /प्रॉक न बघता त्यातली ओळ घ्यायची. सिस्टमडीनं पण सिस्टमडी_प्रॉक_सीएमडीलाइन असं ठेवलंय. फक्त ते गेटएन्व्ह नं वाचू नका, सिक्युअर_गेटएन्व्ह नं वाचा, नाहीतर उद्या तुमची लायब्ररी एखाद्या सेटयूआयडी (कुणीही चालवला तरी मालकाच्या, बहुतेक रूटच्या, हक्कानं चालणाऱ्या) प्रोग्रॅममध्ये गेली की कुणीही यूजर पाहिजे ती ओळ तिच्या तोंडात घालणार.

मग एक टेबल बनवा, डाव्या बाजूला ओळ, उजव्या बाजूला अपेक्षित उत्तर, आणि लूपमध्ये चालवा. त्यात कमीत कमी हे पाहिजे:

रिकामी ओळ, आणि नुसती न्यूलाइन.
यंत्र.डीबग, यंत्र.डीबग=, यंत्र.डीबग=०, यंत्र.डीबग=कायबी
यंत्र.नाव="शेड दोन", तेच पूर्ण कोटमध्ये, आणि तेच शेवटचा कोट गाळून.
यंत्र.लॉग-लेव्हल=३ आणि यंत्र.लॉग_लेव्हल=३, उत्तर एकच.
यंत्र.लँग=केएन क्वायट यंत्र.लँग=एमआर, उत्तर एमआर.
सिस्टमडी.डीबग_शेल, आणि आपला डीबग बंदच राहिला पाहिजे.
यंत्र.लँग=केएन -- यंत्र.लँग=एमआर, उत्तर केएन.
मध्ये पाचसहा स्पेस आणि टॅब असलेली ओळ.
व्हॅल्यूत ठ असलेली ओळ, आपल्या लायब्ररीनं तोडता कामा नये.
२०४८ बाइटची ओळ, आपला ऑप्शन एकदम शेवटी.

हे सगळं अ‍ॅड्रेस सॅनिटायझर चालू करून बिल्ड करा, बफरच्या बाहेर एक बाइट जरी वाचला तरी तो लगेच ओरडतो. वेळ असेल तर लिबफझरला (स्वतःच उलटंसुलटं इनपुट बनवून मारत राहणारं टूल) तुकडे करणारं फंक्शन द्या आणि रात्रभर चालू ठेवा, लॅपटॉप चार्जरला लावून, लाईट गेली तर सकाळी बघायला काही राहायचं नाही.

टेबल पास झालं की एकदा क्यूईएमयूमध्ये खरं बूट करून बघा, -अपेंड मध्ये यंत्र.लँग=केएन यंत्र.डीबग देऊन. लायब्ररीला सुरुवातीला एकदाच लॉग लिहायला लावा, कुठला ऑप्शन कुठून आला ते, म्हणजे 'लँग=केएन, बूटच्या ओळीतून' किंवा 'लँग=ईएन, डीफॉल्ट' असं. निपाणी नाहीतर खानापूरच्या साइटवरनं फोन आला की स्क्रीन इंग्रजीच दिसायलीय, तर पहिल्यांदा तीच लॉगची ओळ वाचून दाखवायला सांगा. 'डीफॉल्ट' असं आलं तर ऑप्शन लायब्ररीपर्यंत पोचलाच नाही, ग्रबची फाइल बदलून अपडेट-ग्रब मारायचं राहिलंय काय ते विचारा.